हात वर करण्याआधी नदीत पहार घालून बघा : गिरणाकाठच्या ग्रामसभांना खुले पत्र

प्रति,
गिरणा धरणाच्या खाली, चाळीसगाव तालुक्यापासून थेट रामेश्वरच्या संगमापर्यंत, नदीच्या दोन्ही काठांवरच्या सर्व ग्रामसभांचे सभासद बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

वाळूबद्दलची पत्रं सहसा वरच्या दिशेने जातात. तहसीलला, प्रांताला, कलेक्टर कचेरीला, मुंबईला. मीही तशी पाठवली, प्रत्येकाची पोच जपून ठेवली. हे पत्र मात्र मुद्दाम तुम्हाला लिहितोय. नदीपात्रातला वाळूचा गट, म्हणजे उपशासाठी आखलेला तुकडा, लिलावात घालायचा म्हटलं की ग्रामसभेची शिफारस मागायची, ही पद्धत आपल्या राज्यात बरीच वर्षं चालत आली आहे. मधल्या काळात धोरणं किती बदलली! २०१९ चं एक, २०२२ चं दुसरं, २०२३ मध्ये सरकारी डेपो आणि ६०० रुपयांत ब्रास, २०२५ मध्ये पुन्हा नवं. सभा मात्र तीच राहिली. पारावर सतरंजी पडते, कागद वाचला जातो, कोणीतरी 'हरकत नाही' म्हणतं, चार हात वर होतात आणि रजिस्टर सह्यांसाठी फिरतं. आमच्या गावात हा विषय मी तीन वेळा आलेला पाहिला. पहिल्या दोन वेळा तो वीस मिनिटांच्या आत संपला. त्या वीस मिनिटांत काय काय व्हायला हवं होतं, तेवढंच मला सांगायचं आहे.

मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. पांझण डावा, जामदा उजवा, जामदा डावा आणि खाली दहिगाव बंधाऱ्यावरून निघणारा निम्न गिरणा कालवा, ह्या चार नावांभोवती माझी सगळी नोकरी गेली. आवर्तन, म्हणजे धरणातून पाळीने सोडायचं पाणी, सुटलं की त्याच्या पुढे पुढे मोटारसायकल चालवायची आणि पाणी कुठे पोचलं ते वर कळवायचं, हे काम. घर भडगाव-पाचोरा पट्ट्यात, नदीपासून दोन शेतं सोडून. गावाचं नाव लिहीत नाही, कारण जे आमच्याकडे आहे तेच कमी-जास्त तुमच्याकडेही आहे.

आधी झिऱ्याची गोष्ट सांगतो. पन्नाशीच्या वरच्या सगळ्यांना ती ठाऊक आहे, पण आता ग्रामसभेत बसणाऱ्या अर्ध्या पोरांनी झिरा पाहिलेलाच नाही.

चैत्र-वैशाखात गिरणा वरून कोरडी दिसायची. पांढरी रखरखीत वाळू, अनवाणी पाय टाकवत नसे. आजी मला पहाटे घेऊन जायची. नदीच्या मधोमध, जिथे वाळू किंचित काळसर दिसायची, तिथे ती बसायची आणि हातांनीच वाळू बाजूला सारायची. फावडं नाही, कुदळ नाही. कोपरापर्यंत हात गेला की वाळू ओली लागायची, आणखी वीतभर गेलं की बुडाशी गढूळ पाणी जमायला लागायचं. मी घाई करायचो. आजी म्हणायची, "हळू खंद रे भाऊ, पानीले घाई नही ऱ्हास." पहिलं पाणी ती वाटीने उपसून टाकून द्यायची, दुसरंही. तिसऱ्या वेळी तळाचा दाणा न् दाणा दिसेल इतकं नितळ पाणी वर यायचं. मग हंड्याच्या तोंडाला फडकं लावून वाटी-वाटीने भरायचं. हंडा भरला की झिऱ्यावर काटेरी फांदी ठेवून निघायचं, म्हणजे जनावरं तोंड घालत नाहीत. संध्याकाळी दुसऱ्या घरची बाई त्याच झिऱ्यावर यायची. वर ऊन पंचेचाळीसला पोचलेलं आणि खाली ते पाणी गार.

हे पाणी कुठून यायचं? वाळूतच होतं. वाळूच्या दाण्यादाण्यांमध्ये जी फट असते, तीच नदीची टाकी. उघड्या तळ्याचं पाणी ऊन ओढून नेतं. वाळूत मात्र दोन-अडीच फुटांच्या खाली उन्हाचा हात जवळजवळ पोचतच नाही. पावसाळ्यात नदी भरून वाहते तेव्हा ही टाकी भरते, आणि मग आठ महिने दोन्ही काठांच्या विहिरींना ती हळूहळू देत राहते. विहिरीला पाणी 'लागतं' म्हणतो आपण. नदीकाठच्या विहिरीला ते वाळूने लागतं.

आता हिशेब करू. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे साधारण २८०० लिटर जागा. चांगल्या जाड वाळूत त्यातला चौथा हिस्सा पाणी धरून ते सोडू शकतो असं धरलं, तर एका ब्रासमागे ७०० लिटर. ट्रॅक्टरची एक ट्रॉली नदीबाहेर गेली की दरवर्षी भरणारी ७०० लिटरची एक टाकी कायमची गेली. पैसे एकदाच मिळाले, टाकी मात्र दरवर्षीची.

हेच पात्रावर मांडून बघा. एक किलोमीटर लांब, शंभर मीटर रुंद आणि फक्त एक मीटर जाड वाळू. एक लाख घनमीटर, पस्तीस हजारांवर ब्रास. तिच्यात चौथा हिस्सा पाणी म्हणजे अडीच कोटी लिटर. जलजीवन योजनेत माणशी रोज ५५ लिटर धरतात. तीन हजार वस्तीच्या गावाला त्या हिशेबाने दिवसाला एक लाख पासष्ट हजार लिटर लागतात. भागाकार करा, १५१ दिवस येतात. जानेवारीपासून मे संपेपर्यंत. एका किलोमीटरची एक मीटर वाळू म्हणजे एका गावाचा सगळा उन्हाळा. गट लिलावात जातो तेव्हा किंमत वाळूची लागते, ह्या १५१ दिवसांची कुठल्याच कागदावर लागत नाही.

निवृत्त झालो त्या वर्षी मी एक काम सुरू केलं. पाच फुटी लोखंडी पहार घ्यायची, नदीत ठरलेल्या सात ठिकाणी जायचं आणि हाताने दाबत खाली घालायची. वाळूत पहार जाते तेव्हा खसखस असा आवाज येतो, हाताला दाणे जाणवतात. वाळू संपून चिकणमाती लागली की पहार अडते, 'थप्प' असा बोजड आवाज येतो आणि बाहेर काढली की टोकाला काळी-पिवळी माती चिकटलेली असते. खडक लागला तर खणकन वाजते. सुरुवातीला सातपैकी पाच ठिकाणी पहार मुठीपर्यंत जायची, बूड लागायचंच नाही. आता पाच ठिकाणी हातभर गेली की थप्प. दोन ठिकाणी तर पहार घालायचीच गरज नाही. माती उघडीच पडली आहे आणि तिच्यावर वेडी बाभूळ उगवली आहे. जिथे वाळू असते तिथे बाभूळ टिकत नाही, पुरात उपटून जाते. मातीत ती घट्ट बसते. नदीच्या मधोमध बाभूळ दिसली की समजावं, इथली टाकी फुटली.

आता मुख्य गोष्ट. "नदी आहे, पुढच्या पुरात वाळू येईलच की!" हे वाक्य प्रत्येक सभेत कोणी ना कोणी म्हणतं. आमच्याकडे तर माझ्याच वर्गमित्राने म्हटलं. माणूस चांगला आहे आणि त्याच्या वडिलांच्या काळात ते खरंही होतं. आज ते खरं नाही.

गिरणा कळवण-सुरगाण्याकडच्या डोंगरातून येते. तिकडचा काळा खडक उन्हापावसाने फुटतो, पूर तो ओढतो, घासतो आणि त्याची वाळू होते. पुनंद, आराम, मोसम ह्या नद्या आपापला वाटा घेऊन तिला मिळतात. पण चणकापूरचं धरण इंग्रजांच्या काळातच झालं. मग आरामवर केळझर, मोसमवर हरणबारी, पुनंदवर पुनंद. आणि सगळ्यांच्या खाली, १९६९ साली, आपलं गिरणा धरण. पाणी सांडव्यावरून येतं, वाळू येत नाही. पुराचं पाणी जलाशयात शिरलं की त्याचा वेग मरतो, जड दाणा जलाशयाच्या वरच्या टोकालाच बसतो आणि बारीक गाळ भिंतीपर्यंत जातो. धरणातून सुटणारं पाणी अंगावरचं ओझं वरच टाकून आलेलं असतं. ते खाली वाळू आणत तर नाहीच, उलट वाहता वाहता आपल्या पात्रातली उचलून पुढे नेतं.

मग आपल्या पट्ट्याला नवी वाळू देतं कोण? धरणाच्या खाली मिळणारे नदी-नाले. मन्याडवर धरण आहे. तितूर अजिंठ्याच्या रांगेतून चाळीसगावकडून येते, ती थोडीफार आणते. बाकी ओढे-नाले. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरीला चाळीसगावात जो पूर आला, तसला पूर एका रात्रीत पुष्कळ वाळू लोटतो, पण दुकानं, घरं, गोठ्यातली जनावरंही लोटून नेतो. वाळूसाठी तसल्या पुराची वाट कोण बघेल?

म्हणजे आपण लिलावात जी घालतो ती ह्या वर्षीची वाळू नव्हेच. धरण व्हायच्या आधीच्या शेकडो वर्षांच्या पुरांनी इथे रचून ठेवलेला तो साठा आहे. शेतकऱ्याला वेगळं समजवायला नको. कणगीतलं बियाणं दळायला काढलं की भाकरी होते, चांगली होते, पण पुढच्या मृगात पेरायला काय घ्यायचं?

एका गावाने शहाणपण केलं तरी पुरत नाही, हेही मी पाहिलं आहे. तिसऱ्या सभेला आमच्या गावाने नाही म्हटलं. खूप बोलणी झाली, शेवटी बायका उठून उभ्या राहिल्या म्हणून ठराव पडला. त्या उन्हाळ्यात आमच्या हद्दीत एकही मशीन उतरलं नाही. खालच्या अंगाला मात्र उपसा झाला, माणूस उभा बुडेल असे खड्डे पडले. पावसाळा आला. नदी वाहती झाली की अशा खड्ड्याच्या वरच्या कडेवरून पाणी धबधब्यासारखं कोसळतं, कड ढासळते आणि खड्डा वरच्या अंगाला सरकू लागतो. पूर ओसरल्यावर मी आमच्या घाटावर गेलो. महादेवाच्या घाटाची शेवटची पायरी माझ्या उभ्या आयुष्यात कधी दिसली नव्हती, ती वाळूत गाडलेली असायची. ती पायरी उघडी पडली होती, एवढंच नाही तर तिच्या खाली पोकळी झाली होती आणि दगड अधांतरी होता. आमची वाळू आम्ही विकली नव्हती. ती खालच्या खड्ड्यात भरायला गेली होती.

खालच्या गावाला मी दोष देत नाही. आधीच्या दोन सभांत आम्ही हो म्हटलं होतं, तेव्हा आमच्या खड्ड्याने वरच्या गावाचं असंच केलं असणार. तेव्हा आमच्या ध्यानात आलं नाही. म्हणूनच हे पत्र एका ग्रामसभेला नाही, सगळ्यांना आहे.

आवर्तनाचं सांगायचं राहिलं. भडगाव, पाचोरा ह्या शहरांसह नदीकाठच्या कितीतरी पाणीपुरवठा योजना धरणातून नदीत सोडलेल्या पाण्यावर चालतात. पूर्वी पात्र सपाट होतं, पाण्याचा पुढचा पदर वाळूवरून फेसाची रेघ काढत सरकायचा, मी त्याच्या बरोबरीने चालू शकायचो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तसं राहिलं नव्हतं. पाणी एका खड्ड्यात शिरायचं आणि गुडूप. तो भरेपर्यंत तासन् तास थांबायचं, मग सांडून पुढच्या खड्ड्यात. खालच्या गावांचे फोन यायचे, "साहेब, पाणी सुटलं म्हणता, आहे कुठे?" त्यांच्या नशिबाचं पाणी वरच्या खड्ड्यांमध्ये उभं होतं, उन्हात. आवर्तन संपल्यावर ते हिरवं पडलं आणि आटलं. पाणीपुरवठ्याच्या विहिरींचं तर बघवत नाही. नदीत उतरवलेल्या विहिरीच्या काँक्रीटच्या कड्या, ज्या वाळूत बुडालेल्या असायला हव्यात, त्या डोळ्यांदेखत कमरेइतक्या वर उघड्या आहेत. नळाला पाणी नाही म्हणून आपण सरपंचाच्या दारात जातो. एकदा आधी त्या विहिरीजवळ जाऊन उभं राहा.

आणि खड्डे नुसतं पाणीच गिळत नाहीत. दोन वर्षांमागे कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या, विसर्जनाला आमच्या वाड्यातल्या बाया नदीवर गेल्या. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली, रात्रभर गाणी झाली, सोमवारी वाजतगाजत नदीवर. पाणी वरून संथ, घोट्याइतकं वाटत होतं. डोक्यावर पाट घेतलेली आमची सून पुढे होती. वर्षानुवर्षं ह्याच जागी पाय टाकलेले, त्याच भरवशाने तिने पाऊल टाकलं आणि ती सरळ आत गेली. वर फक्त पदर दिसला. दोघा पोरांनी त्या पदराला धरून तिला ओढलं म्हणून ती आज आहे. पाट वाहून गेला. त्या दिवसापासून आमच्याकडे कानबाई विहिरीच्या हौदात विसर्जित करतात. हे सांगायला माझी आई आज नाही, हे बरं म्हणू की वाईट, मला कळत नाही.

आता ट्रॅक्टरवाल्या पोरांबद्दल. ती परकी नाहीत, आपलीच आहेत. कापसाला भाव नाही, लिंबू-केळीला पाणी नाही, ट्रॅक्टर फायनान्सवर घेतलेला, हप्ता महिन्याला दारात. रात्री दोन-तीन खेपा मारल्या की हप्ता सुटतो. सापडला तर कायद्याने वाळूच्या बाजारभावाच्या पाचपट दंड आणि वाहन जप्त. एका रात्रीत पोराचा ट्रॅक्टर तहसीलच्या आवारात जाऊन गंजतो. डंपर आणि पोकलेन ज्यांच्या मालकीचे आहेत ते मात्र नदीकाठी कधी दिसत नाहीत. आमच्या पोरांना मी चोर म्हणणार नाही. पण तलाठ्यावर, मंडळ अधिकाऱ्यावर ट्रॅक्टर घालायची भाषा ज्या दिवशी गावात बोलली गेली, त्या दिवशी आपण ती ऐकून घेतली, हे आपलं चुकलं. तो तलाठीही कोणाच्या तरी घरचा मुलगा आहे. ह्या पोरांना नदीच्या बाहेर काम कसं देता येईल, हा ग्रामसभेचा विषय व्हायला हवा. बंधाऱ्यातला गाळ शेतात टाकायचं काम आहे, जलसंधारणाची कामं आहेत, ट्रॅक्टर तिथेही लागतो. पैसे रात्रीच्या खेपेइतके सुटणार नाहीत, ते मान्य.

"मग घरं कशाने बांधायची?" हा प्रश्न रास्त आहे. माझं स्वतःचं घर, कंपाउंडसकट, गिरणेच्या वाळूचं आहे. घरकुल मंजूर झालेल्या बाईला मी नदीची गोष्ट सांगून परत पाठवणार नाही. तिला पाच ब्रास मोफत द्यायचं सरकारचं धोरण आहे आणि तिला ते मिळालं पाहिजे. पण पाच ब्रासच्या पाच ट्रॉल्या, त्या फावड्याने भरलेल्या, आणि रात्रभर चालणारे डंपर, ह्यांना एकाच तागडीत घालू नका. गावच्या घरांना लागते तेवढी वाळू गावाने मोजून, जागा ठरवून दिली तर नदी ती सोसेल. शहरांच्या टॉवरांना मात्र खडी फोडून केलेली कृत्रिम वाळू वापरायला लावली पाहिजे. शासनानेही २०२५ मध्ये तीच दिशा धरली आहे. क्रशरची धूळ आणि फोडले जाणारे डोंगर हे त्याचं दुखणं आहेच, तिथल्या गावांनीही डोळ्यांत तेल घालून राहावं. आणि एक जागा राहून जाते. धरणाच्या वरच्या टोकाला जी वाळू अडकून पडली आहे ती आपलीच आहे. गिरणा धरणातली गाळमिश्रित वाळू काढायचा विषय सरकारदरबारी याआधी येऊन गेला आहे. ती निघाली तर धरणात पाण्याला जागा होईल आणि खालच्या पात्राला विसावा मिळेल. आपण सगळ्या गावांनी मिळून हे मागितलं का कधी?

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण सभेत "तुम्हाला काय कळतं?" असं विचारलं जातं. पाच हेक्टरपेक्षा लहान गटालाही पर्यावरण मंजुरी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच सांगितलं. केंद्राची वाळूबाबतची मार्गदर्शक तत्त्वं २०१६ ची आणि २०२० ची आहेत. त्यांत खोली तीन मीटर किंवा पाणी लागेपर्यंत, जे आधी येईल ते. पुलाच्या आसपास उपसा नाही. आपल्या राज्यात १० जून ते ३० सप्टेंबर उपसा बंद असतो, आणि सूर्य मावळल्यावर तर कधीच नाही. सगळ्यात कामाची गोष्ट अलीकडची आहे. नदीत दरवर्षी नवी वाळू किती येते, ह्या पुनर्भरणाचा नीट अभ्यास नसेल तर जिल्हा सर्वेक्षण अहवाल ग्राह्य धरता येणार नाही, आणि त्यावर मंजुरीही उभी राहू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या निकालात म्हटलं आहे. मी वर जो प्रश्न पहारीने विचारतो, तोच न्यायालयाने विचारला आहे. तिकडे चोपडा-यावलच्या सातपुड्याकडच्या आणि नंदुरबारच्या ज्या गावांना पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, लागू आहे, त्यांच्या हातात तर ह्याहून मोठं हत्यार आहे. तिथे गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस १९९६ च्या कायद्यानेच बंधनकारक केलेली आहे.

तर पुढच्या वेळी कागद वाचला गेला की एवढंच म्हणा : आमच्या गटात वाळू किती जाड आहे, गेल्या पावसात किती आली आणि हे कोणी, कोणत्या तारखेला मोजलं, ते दाखवा. कागद दाखवतील तर वाचा. मोजमाप नदीवर येऊन झालं आहे की कचेरीत बसून, हे तुम्हाला दोन ओळींत कळेल. दाखवला नाही, तर ठरावात तसं स्पष्ट लिहा : 'पुनर्भरणाचं मोजमाप समोर ठेवलेलं नाही, सबब शिफारस करता येत नाही.' नुसतं 'विरोध' लिहू नका. कारण लिहिलेला नकार खोडायला जड जातो.

आणि हे एकेकट्याने नको, नदीभर मिळून. अवघड आहे, पण आपल्या मुलखाला नवं नाही. मोसम, आराम आणि तिकडे पांझरेवर आपल्या पूर्वजांनी फड चालवले, तीन-चारशे वर्षं. बंधाऱ्याचं पाणी कोणत्या फडात, कोणतं पीक, कोणाची पाळी कधी, सगळं लोक बसून ठरवायचे. पाटकरी पाणी सोडायचा, जागल्या राखण करायचा, आणि 'माझं शेत वर आहे म्हणून आधी मी' असं कोणी म्हणू शकत नव्हतं. पाण्याच्या बाबतीत जे जमलं ते वाळूच्या बाबतीत का जमू नये? वरच्या गावाने खालच्या गावाला विचारून, खालच्याने वरच्याला विचारून ठराव करायचा.

सुरुवात मी केली आहे, ती अशी. आमच्या गावच्या पुलाच्या तिसऱ्या खांबावर, पाचोऱ्याच्या बाजूने, मी ऑइल पेंटने पांढरी आडवी पट्टी मारली आहे आणि तिच्यापासून वाळूपर्यंत टेपने मोजून आकडा लिहून ठेवला आहे. एकदा मृग लागायच्या आत, एकदा दिवाळीनंतर नदी उतरल्यावर. पहारीची सात ठिकाणंही शाळेच्या भिंतीवर नकाशा काढून दाखवली आहेत. नववीतली चार पोरं-पोरी माझ्याबरोबर येतात, वही त्यांच्याकडे असते आणि मला वाटेल तो आकडा ती मला लिहू देत नाहीत. दर वेळचे आकडे ग्रामसभेच्या प्रोसिडिंग बुकात चढवायचे, असा ठराव गेल्या सभेत झाला. वीस मिनिटांची सभा दोन तास चालली.

तुमच्याकडे पूल असेल, घाट असेल, नाहीतर नदीतली जुनी विहीर असेल. एक पट्टी मारा. येत्या दिवाळीनंतर जामद्यापासून रामेश्वरपर्यंतचे आकडे एका कागदावर आले, तर कोणत्या गावाकडे वाळू शिल्लक आहे आणि कोणाकडे नुसती माती, हे आपल्याला पहिल्यांदा दिसेल. माझ्या वहीत आमच्या खांबाचा यंदाचा आकडा आहे : पट्टीखाली चार फूट सात इंच. तुमचा कळवा.

आपला,
गिरणाकाठचा एक निवृत्त कालवा निरीक्षक